डॉलर नक्की कशाला हवाय?

लहान मूल असलेल्या घरात एकेकटे मोजे साठतात. धुवायला टाकताना जोडी असते, वाळत घालताना एकच उरतो. तो टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. आमच्या ऑफिसातले किस्से असेच साठलेत. परवा मैत्रिणींना दोन-तीन सांगितले तर एक जण म्हणाली, "अगं, लिहून काढ ना!" लिहून काढणारी मी कोण, हा प्रश्न मला लगेच पडला. तसा तो मला भाजी निवडतानाही पडतो. पण मनू दुपारची झोपलीय, घरात शांतता आहे आणि ती किती टिकेल सांगता येत नाही. म्हणून भरभर सांगते.

आमची छोटीशी ब्रोकर फर्म आहे, अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका गल्लीत. वरच्या मजल्यावर शेअर, खाली कमोडिटी, म्हणजे सोनं, तेल वगैरे, आणि जिन्याजवळच्या कोपऱ्यात आमचं करन्सी डेस्क. डेस्कवर तिघं. साळवी सर आमचे प्रमुख, मूळचे मालवणकडचे, रागावले की मालवणीत जातात. प्रगती डीलर, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डरी बाजारात टाकणारी. ती वाकोल्याची, बोलायला एकदम फटकळ. आणि मी कंप्लायन्स. क्लायंट नियमात बसतोय ना, हे बघायचं. माझ्या स्वभावाला साजेशी नोकरी आहे. घरातून निघताना मी गॅस बंद केला का हे फुकट तीनदा बघते, इथे त्याच वृत्तीचा पगार मिळतो!

आता थोडा कायदा, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. भारतात बसून चलनाचा व्यापार करायचा तर तो इथल्या मान्यताप्राप्त बाजारात, नोंदणी असलेल्या ब्रोकरकडून. परदेशी ॲपवर पैसे पाठवून खेळायचं नाही, ते बेकायदेशीर. इथवर सगळ्यांना माहीत होतं, किंवा माहीत आहे असं सगळे म्हणायचे. मग मध्यवर्ती बँकेने ठणकावून सांगितलं की इथल्या बाजारात यायचं तरी तुम्हाला त्या चलनाची खरी गरज पाहिजे. बाहेरून माल मागवलाय, बाहेरून पैसे यायचेत, असं काहीतरी. नुसतं 'डॉलर वर जाईल असं वाटतंय' चालणार नाही.

आणि क्लायंटना एकेक करून "तुम्हाला खरी गरज आहे का हो?" असं विचारायचं काम माझ्यावर आलं.

पहिला फोन घाटकोपरच्या एका काकांना लावला. आदल्या दिवशी आरशासमोर सराव करून गेले होते.

"काका, तुम्हाला डॉलरची गरज आहे का?"

पलीकडे मोठा उसासा. "बेटा, डॉलरची गरज कोणाला नसते?"



*

क्लायंट धडाधड गळायला लागले. महिन्याभरात कोपऱ्यात इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावरचे लोक डबा खायला आमच्याकडे यायला लागले.

शेवटी शेठ आले. शेठ म्हणजे आमचे मालक. रागावून बोलत नाहीत, हिशेबाने बोलतात. "साळवी, तीन माणसं, एक कोपरा, धंदा शून्य. महिनाअखेरपर्यंत एक तरी असा क्लायंट दाखवा, ज्याला डॉलर खरंच लागतो आणि जो आपल्याकडून सौदा करेल. एक दाखवा, मी डेस्क ठेवतो. नाहीतर तिघंही खाली कमोडिटीत."

प्रगतीला काही वाटलं नाही. मी मात्र घड्याळाकडे बघितलं. करन्सीचा बाजार पाचला बंद होतो. कमोडिटीचा रात्री साडेअकराला! मी पाचला निघते, सहापर्यंत नाहूरला पोचते, मनूचं पाळणाघर साडेसहाला बंद. नवरा नोकरीसाठी नाशिकला, तो शनिवारी उगवतो. माझ्या संसाराचा अख्खा डोलारा त्या पाच वाजण्यावर उभा आहे.

म्हणजे बघा, गरज आहे का हे प्रामाणिकपणे विचारायचं हे माझं काम. आणि ज्याने प्रामाणिकपणे "नाही" म्हटलं, तो मला साडेअकराच्या दिशेने ढकलणार.

प्रगती म्हणाली, "मग थोडं कमी प्रामाणिकपणे विचार ना, यार!"

तेवढं धाडस असतं तर मी कंप्लायन्सला असते का?

*

बोरिवलीच्या एका सद्गृहस्थांकडे गरज तयार होती.

"मॅडम, माझी मुलगी अमेरिकेत मास्टर्स करणार आहे. फी डॉलरमध्ये भरावी लागणार. मग?"

मला आनंद झाला. "अरे वा! ॲडमिशन झाली का?"

"अजून नाही."

"आत्ता कितवीला आहे?"

"सीनियर केजी."

मी त्यांना सभ्य शब्दांत सांगितलं की एवढ्या लांबची गरज चालणार नाही, आज काहीतरी ठरलेलं पाहिजे. त्यांनी ते मान्य केलं आणि ते फोन ठेवणार, एवढ्यात मला राहवलं नाही. मनूच्या ॲडमिशनचा तेव्हा नुसता घोळ चालला होता.

"एक विचारू?" मी आवाज खाली आणून म्हटलं. "सीनियर केजी कुठल्या शाळेत?"

*

"ॲप कायदेशीर आहे का?" हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. उत्तर एका शब्दाचं असतं, पण ते कुणाला नको असतं. लोकांना पुरावे द्यायचे असतात. क्रिकेटच्या मॅचमध्ये जाहिरात येते, म्हणजे कायदेशीर. फोनमध्ये डाउनलोड होतं, म्हणजे कायदेशीर. एका बाईंनी तर सांगितलं की ॲपवाला मुलगा फार नम्र आहे, रोज गुड मॉर्निंग पाठवतो.

एकदा एक गृहस्थ साळवी सरांशी अर्धा तास वाद घालत होते. सर आधी शुद्ध मराठीत, मग ऑफिसच्या इंग्रजीत समजावून दमले. शेवटी गृहस्थांनी हुकमाचं पान टाकलं.

"अहो, ॲप खोटं असतं तर त्यांनी माझं आधार कार्ड, पॅन कार्ड, घरचा पत्ता असं सगळं कशाला मागितलं असतं?"

सरांचा बांध फुटला. "अरे बाबा, चोराक पण घराचो पत्तो लागताच मरे!"

*

मुलुंडच्या एका क्लायंटची गोष्ट वेगळी. त्यांनी आमचं खातं सोडून कुठलंतरी परदेशी ॲप धरलं होतं. मी त्यांना सांगितलं की मध्यवर्ती बँक एक यादी काढते, परवानगी नसलेल्या ॲपची, तिच्यात बघा. त्यांनी बघितलं. नाव नव्हतं.

"नाव नसलं म्हणजे परवानगी आहे असं होत नाही," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण यादीवर लक्ष ठेवतो म्हणाले. त्यांच्या ग्रुपमध्ये तीस-चाळीस जण होते, त्यांनाही सांगतो म्हणाले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपलं ऐकतो.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, आवाजात लग्नघर.

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतं ना? आलं! आमच्या ॲपचं नाव सरकारी यादीत आलं!"

"अहो दादा, ती इशाऱ्याची यादी आहे. ज्यांच्यापासून लांब राहायचं त्यांची."

मग अगदी बारीक आवाजात, "मॅडम... आम्ही पेढे वाटले."

*

आता गोराईचा किस्सा. ह्या गृहस्थांना कायद्याची आवड. कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं होतं की हा कायदा भारताच्या भूमीवर लागू होतो. त्यातला 'भूमी' हा शब्द त्यांनी घट्ट धरला.

"म्हणून मी काय करतो मॅडम, बोरिवलीहून गोराईची फेरीबोट पकडतो. बोट मधोमध आली की ॲप उघडतो, सौदा टाकतो, पलीकडे पोचायच्या आत बंद! जमिनीवर असताना हात लावत नाही. मला फक्त एवढंच कन्फर्म करून हवंय की हे नियमात बसतं."

फोन स्पीकरवर होता. प्रगतीने तोंडात रुमाल कोंबला होता.

"अहो, ती खाडी आहे," मी म्हटलं. "खाडीपण भारतातच येते."

"पण मॅडम, मधोमध रेंज येते-जाते! देशात असतो तर रेंज गेली असती का?"

प्रगतीने रुमाल काढला. "काका, एवढं सांगा, तोटा झाला की कुठल्या काठाला उतरता?"

फोन कट. मी तिच्यावर वैतागले, क्लायंटशी असं बोलतात का? तर म्हणाली, "अगं, उलट ते विचार करायला गेलेत."

*

घाटकोपरला एका हॉलमध्ये कुण्या 'फॉरेक्स गुरूं'चं मोफत शिबिर होतं. प्रगतीला तिच्या चुलतभावाने ओढून नेलं. गुरू सूट घालून आले, हॉलला नुसते पंखे होते तरी. दोन तास त्यांनी सांगितलं की परदेशी प्लॅटफॉर्मवर चोवीस तास चलन खरेदी-विक्री करणं शंभर टक्के कायदेशीर आहे. कायदा आहे तो घाबरटांसाठी. रुपयात विचार करणारा माणूस गरीब राहतो, डॉलरमध्ये विचार करायला शिका! टाळ्या.

मग पुढच्या कोर्सची फी जाहीर झाली. प्रगतीने हात वर केला.

"सर, माझी मावशी दुबईला असते, तिने थोडे डॉलर दिलेत. फी डॉलरमध्ये देऊ?"

गुरूंचा चेहरा पांढरा पडला. "नाही, नाही, मॅडम! रुपयात. रुपयातच द्या. डॉलर असे घेता येत नाहीत, लफड्यात पडू आपण!"

प्रगतीला दुबईत मावशी नाहीये. चुलतभावाने मात्र त्याच दिवशी ॲप काढून टाकलं.

*

घरीही सुटका नव्हती. दिवसभर तेच वाक्य तोंडात बसलेलं. मनूने दुसरं चॉकलेट मागितलं की मी म्हणायची, "खरंच गरज आहे का?" साडेतीन वर्षांच्या मुलीला! कुठल्याशा लेखात वाचलं होतं की मुलांच्या गरजांवर शंका घेऊ नये, त्यांचा आत्मविश्वास जातो. झालं, तो एक नवा घोर.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ही टीव्हीचा रिमोट कानाला लावून सोफ्यावर बसलेली.

"हॅलो! गलज आहे का? नाही? मग ठेवा फोन!"

पुढचा फोन. "हॅलो! गलज आहे का? नाही? मग ठेवा फोन!"

असे तिने पाच-सहा जणांना उडवले. मी एकेका क्लायंटवर पंधरा मिनिटं घालवत होते. आत्मविश्वासाची काळजी मी त्या दिवशी सोडली. निदान तिच्या.

*

महिना संपत आला. क्लायंट शून्य. मी पाळणाघराच्या मावशींना भीतभीत विचारलं, रात्री बारापर्यंत सांभाळणारं कुणी मिळेल का? मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलून मनूच्या खोकल्यावर आणला. मनूला खोकला नव्हता.

तेव्हा प्रगतीच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, आमचे गायकवाड दादा!"

गायकवाड दादा वाकोल्याचे. बुद्धमूर्ती मागवतात, थायलंडहून. प्रगतीच्या विहारातली मूर्ती त्यांनीच आणलेली. मूर्तीची ऑर्डर आज द्यायची, ती जहाजाने यायची तीन-चार महिन्यांनी, आणि पैसे तेव्हा, डॉलरमध्ये. ह्याहून खरी गरज अंधेरी ते मुलुंड शोधून सापडली नसती! शिवाय त्यांच्या मुलाने कधीतरी हौसेने त्यांचं आमच्याकडे खातं उघडून ठेवलं होतं. त्यात एकही सौदा नव्हता.

प्रगतीने फोन केला. दादांचं उत्तर एका वाक्यात आलं. "पोरी, मी जुगार खेळत नाही."

इतके दिवस जुगार खेळणारे मला शपथेवर सांगत होते की ही आमची गरज आहे. आणि ज्याला खरी गरज, तो म्हणतोय हा जुगार आहे!

साळवी सर म्हणाले, "तू जा. प्रगती भांडून येईल." मी चारला निघून वाकोल्याला गेले.

दादांचं गोडाऊन एका गल्लीच्या टोकाला. आत लाकडी पेट्या, गवत, आणि गवतातून अर्धवट वर आलेले शांत चेहरे. दादा पन्नाशीचे, हातात पक्कड. खुर्ची पुसून मला बसायला दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बोला, पण नाहीच म्हणणार आहे."

"दादा, मूर्ती येईपर्यंत डॉलर वाढला तर काय करता?"

"वाढतोच. मागच्या खेपेला वाढला."

"मग?"

"मग काय? विहारवाल्यांना भाव सांगून बसलेलो. वर्गणी काढून मूर्ती घेतात ती माणसं. त्यांना वाढवून मागू? सोसला."

"तेच म्हणते मी. डॉलरचा आजचा भाव आजच बांधून ठेवता येतो. मग तो वर जाऊ दे नाहीतर खाली."

"खाली गेला तर?"

"तर त्याचा फायदा तुम्हाला नाही."

दादांनी पक्कड खाली ठेवली. "म्हणजे जिंकायचं नाहीच?"

"नाही."

"मग हा कसला जुगार?"

"नाहीच आहे, दादा!"

ते विचारात पडले. मी घड्याळ बघितलं आणि माझा चहा गार झाला. साडेपाच होऊन गेले होते. पाचला सुटायची नोकरी वाचवता वाचवता आज मनूच पाळणाघराच्या पायरीवर बसणार होती.

"आईला विचारावं लागेल," दादा म्हणाले. "बापाने पत्त्यांत घर घालवलं आमचं. जुगार करणार नाही म्हणून मी आईला शब्द दिलाय. ती गावाला असते, लातूरकडं." आणि तिथेच त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. भाव बांधायची गोष्ट त्यांनी तिला चांगली समजावली. मला तर वाटलं, माझ्यापेक्षा चांगली.

"बाई हाय का तिथं? दे तिच्याकडं," आजी म्हणाल्या. मी फोन धरला. "काय गं, जुगार हाय का ह्यो?"

"नाही, आजी."

"समदेच न्हाई म्हणत्यात. ह्याचा बाप बी न्हाईच म्हणायचा."

दादांनी मान खाली घातली. एक मूर्ती आमच्याकडे बघत होती.

"ह्यात तुला काय मिळायलंय?"

ह्याचं नियमातलं उत्तर मला पाठ आहे. ब्रोकरेज किती, कर किती, सगळं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आजी, मला पाचला घरी जाता येईल. नाहीतर रात्री साडेअकरापर्यंत थांबावं लागेल."

पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग, "लेकरू हाय का तुला?"

"हाय. म्हणजे, आहे. साडेतीन वर्षांची मुलगी."

"आता कुठं हाय ती?"

"पाळणाघरात."

"वाजलं किती?"

"पावणेसहा."

"अन् मग तू तिथं काय करायलीस? ऊठ! जा की घरला!"

फोन बंद झाला. दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत ना?" मी पर्स उचलली आणि पळत सुटले. रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं की हो की नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मनू पायरीवर होती. दप्तर पाठीला, मावशी कमरेवर हात ठेवून शेजारी.

त्यानंतर दादांचा फोन नाही. प्रगतीने केला तर उचलला नाही. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, शेठनी खाली आमच्यासाठी तीन खुर्च्या लावायला सांगितल्या. साळवी सरांनी देवाचा फोटो भिंतीवरून काढून पिशवीत घातला. पावणेपाचला प्रगतीचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि स्पीकर दाबून फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, थायलंडची ऑर्डर दिली आज. कागद सगळे मेलवर टाकलेत. भाव बांधून टाका म्हणतीय आई."

मी कागद उघडले. नेहमीसारखे तीनदा तपासले. प्रगतीने सौदा टाकला. सौदा झाला.

"झालं, दादा!"

पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारलं. दादा म्हणाले, "हो, आहे. तिथंच आहे." मग मला म्हणाले, "मॅडम, आई गावाहून आलीय. विचारतीय, ही अजून तिथं काय करायलीय?"